वर्षाअखेरी पदरात काय पडावे?

प्राथमिक शाळेत मूल घातले म्हणजे वर्षभरात नेमके काय होते, हा प्रश्न विचारणारे पालक थोडे असतात, आणि त्याचे सरळ उत्तर देणाऱ्या शाळा त्याहून थोड्या. याला ‘पालकांची उदासीनता’ असे नाव देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांला हे निदान पटत नाही. पालकाने कसली अपेक्षा धरावी हे त्याला समजेल अशा भाषेत कोणी सांगितलेलेच नसेल, तर बिचारा विचारणार तरी काय?

या लेखात आम्ही शालेय वर्षाचे वर्णन करणारे तीन कागद तपासणार आहोत. पहिला, पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली अध्ययन निष्पत्तींची यादी. दुसरा, ‘निपुण’ अभियानाची उद्दिष्टे. तिसरा, वर्षाच्या शेवटी हाती पडणारे प्रगतिपुस्तक. तिन्हींमागचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की घरी बसलेल्या आईबापांना त्यांतून काही कळते का? आणि कळत नसेल, तर त्याची किंमत कोण मोजते?

वणीचे वर्ष

तपासणीसाठी एक गाव समोर असलेले बरे. यवतमाळ जिल्ह्यातले वणी घेऊ. निर्गुडा नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव. बापूजी अणे यांचा जन्म येथे १८८० साली झाला. आसपास काळी कापसाची जमीन, आणि जमिनीखाली वर्धा खोऱ्यातला कोळसा. त्यामुळे एकाच वर्गात कापूस पिकवणाऱ्याचे मूल, खाणीत पाळीवर जाणाऱ्याचे मूल आणि बाजारात दुकान चालवणाऱ्याचे मूल शेजारी शेजारी बसते. तालुक्यातल्या आणि लगतच्या मारेगाव, झरी जामणी भागातल्या पोडांवर व गावांत कोलामी आणि गोंडी घरची भाषा असलेली मुले आहेत. खाणीच्या निमित्ताने आलेल्या कुटुंबांत हिंदी आणि तेलुगूही बोलली जाते.

येथले शालेय वर्षही थोडे वेगळे. उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२४ साली त्या १ जुलैला उघडल्या, २०२५ साली २३ जूनला. म्हणजे शाळा उघडते तेव्हा शेतात पेरणीची धांदल असते. पुढे पोळा, तान्हा पोळा, मग दिवाळी. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू होते आणि तेव्हा पटावरच्या काही मुलांच्या जागा रिकाम्या दिसू लागतात. मार्चपासून ऊन तापते आणि शाळा सकाळची होते.

हा कापूस पिकवणारा माणूस पिकाच्या बाबतीत उदासीन मुळीच नसतो. पेरल्यावर साधारण दीड महिन्याने पऱ्हाटीला पात्या दिसायला हव्यात, मग फुले, मग बोंडे, हे त्याला पाठ असते. पात्या वेळेवर धरल्या नाहीत तर तो वेचणीची वाट पाहत बसत नाही, लगेच कारण शोधतो. खत कमी पडले, पाणी साचले की कीड लागली? त्याच्या अपेक्षेला टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्पा बांधावर उभे राहून डोळ्यांनी पाहता येतो. हाच माणूस मुलाच्या बाबतीत मात्र एप्रिलअखेरपर्यंत गप्प असतो आणि हाती आलेल्या कागदावरचे एक अक्षर पाहून तो घडी घालून ठेवतो. दोष त्याच्या आस्थेत आहे असे आम्हांला वाटत नाही. मधले टप्पे त्याला कोणी दाखवलेले नाहीत.

कायद्याने काय देऊ केले आहे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने शालेय वर्षाची काही मोजमापे ठरवून दिली आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे. सहावी ते आठवीसाठी हेच आकडे २२० दिवस आणि १००० तास असे आहेत.

८०० तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण वर्षाचे एकूण तास ८७६० असतात. म्हणजे शाळेच्या वाट्याला त्यांतले ९ टक्केच येतात. मूल रोज दहा तास झोपते असे धरले, तरी त्याच्या जागेपणाच्या वेळेचा सहावा हिस्सादेखील शाळेला पूर्ण मिळत नाही. शाळेकडून सर्व काही होईल असे मानणाऱ्या पालकाने आणि सर्व दोष घरावर ढकलणाऱ्या शिक्षकाने, दोघांनीही हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

याच कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. त्यांत पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, त्याची शिकण्याची क्षमता आणि त्याने केलेली प्रगती यांची माहिती पालकांना देणे हेही एक कर्तव्य आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. म्हणजे पालकाने विचारणे हा आगाऊपणा ठरत नाही, कायद्याने ते गृहीतच धरलेले आहे.

आता एक विसंगती पाहा. दुपारच्या आहाराबाबत सरकारी निकष कमालीचे नेमके आहेत. पहिली ते पाचवीच्या मुलाला दर दिवशी १०० ग्रॅम धान्य, आणि आहारातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने. एखाद्या आईला वाटले तर ती शाळेत जाऊन विचारू शकते, ‘आज डाळ किती शिजवली?’ पण त्याच मुलाला त्या दिवसापर्यंत किती वाचता यायला हवे होते, हे तिला विचारायचे असेल तर हाताशी काही माप नाही. ताटातले ग्रॅममध्ये सांगितले आहे, पाटीवरचे मात्र मोघम राहिले आहे.

पहिला कागद : अध्ययन निष्पत्ती

प्रत्येक इयत्तेच्या शेवटी मुलाला काय यावे, याची यादी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०१७ साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी केंद्राच्या शिक्षण हक्क नियमांत दुरुस्ती होऊन अशा याद्यांना नियमांत स्थान मिळाले. त्यानंतर आपल्या बालभारतीच्या पुस्तकांतही ही यादी छापली जाऊ लागली. एका रकान्यात सुचवलेली शैक्षणिक प्रक्रिया, शेजारच्या रकान्यात अध्ययन निष्पत्ती, आणि प्रत्येक ओळीआधी ठिपके दिलेला एक संकेतांक.

या यादीने एक मोठे काम केले. ‘पुस्तक संपवले’ म्हणजे ‘वर्ष संपले’ ही समजूत तिने मोडली. धडा शिकवून झाला का, याऐवजी मुलाला काय येते, असा प्रश्न तिने पुढे आणला. हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

पण पालकाच्या दृष्टीने ती निरुपयोगी ठरते, याची तीन कारणे आम्हांला दिसतात.

पहिले कारण क्रियापदांचे. ‘ओळखतात’, ‘वर्णन करतात’, ‘आनंद घेतात’, ‘व्यक्त होतात’ अशा क्रियापदांनी ही वाक्ये संपतात. किती ओळखतात? कोणाच्या मदतीने? एकदा जमले म्हणजे जमले, की दहांतून आठ वेळा जमले पाहिजे? मोजमापाचे काम करणाऱ्या कोणाही माणसाला हा प्रश्न पडेल. प्रयोगशाळेत ‘द्रावण गरम होते’ असे लिहून भागत नाही, किती अंशांपर्यंत आणि किती वेळात हे लिहावे लागते. मूल म्हणजे काही द्रावण नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. मात्र पहिलीतल्या आणि चौथीतल्या वर्णनात फरक कोणता, हे सांगता आले नाही तर यादी इयत्तावार करण्यात काय हशील?

दुसरे कारण काळाचे. यादीत फक्त वर्षाचा शेवट आहे. जुलै, ऑक्टोबर, जानेवारी यांचा उल्लेख नाही. शेवट सांगितला आणि वाट सांगितली नाही, तर मागे पडलेले मूल मागे पडल्याचे कळते तेव्हा शाळेला सुट्टी लागलेली असते.

तिसरे कारण भाषेचे. ही यादी शिक्षकासाठी लिहिलेली आहे आणि ती तशी असण्यात गैर काही नाही. गैर हे, की पालकासाठी तिचे बोली मराठीत रूपांतर करण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द वणीच्या बाजारात उच्चारून पाहा, म्हणजे आमचे म्हणणे लक्षात येईल.

दुसरा कागद : मिनिटाला साठ शब्द

५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, हे त्याचे ध्येय, आणि त्यासाठी २०२६-२७ ही मुदत. अध्ययन निष्पत्तींत जो नेमकेपणा नव्हता तो येथे आहे. पहिलीच्या अखेरीस चारपाच सोप्या शब्दांची लहान वाक्ये वाचता यावीत आणि ९९ पर्यंतच्या संख्या याव्यात. दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत संख्या. तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द, समजून, आणि ९९९९ पर्यंत संख्या.

हा कागद पालकाला वाचता येतो. घड्याळ असले की घरी तपासताही येतो. ही त्याची जमेची बाजू. संख्यांच्या उद्दिष्टांबद्दल आमची तक्रार नाही. ९९९ हा आकडा वणीत, वाराणसीत आणि विजयवाड्यात सारखाच असतो. पण ‘शब्द’ हे माप तसे आहे का?

एक साधे वाक्य घेऊ : ‘नदीकाठच्या शेतातला कापूस मुलांनी वेचला.’ यात शब्द किती? पाच. आता हेच हिंदीत म्हणू : ‘नदी के किनारे के खेत की कपास बच्चों ने चुनी.’ यात शब्द दहा. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात, हिंदीत ती बहुधा सुटी लिहिली जातात. गंमत अशी, की दोन्ही वाक्यांतील अक्षरे मोजली तर दोन्हीकडे अठराच भरतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना आणि जिभेला श्रम जवळपास तितकेच, पण एकाच्या खात्यावर पाच शब्द जमा होतात आणि दुसऱ्याच्या खात्यावर दहा.

एका वाक्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, आणि प्रत्येक वाक्यात हे प्रमाण दुप्पट निघणार नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. वरच्या वाक्यासारखाच मजकूर असेल, तर मिनिटाला साठ शब्द म्हणजे मराठी मुलाला २१६ अक्षरे वाचावी लागतील आणि हिंदी मुलाला १०८. एकच पट्टी, पण एका गावात ती सेंटिमीटरची आणि दुसऱ्या गावात इंचाची, असा हा प्रकार आहे.

ही अडचण तज्ज्ञांना माहीत नाही असे नव्हे. राष्ट्रीय परिषदेने २०२२ साली तिसरीच्या मुलांची जी पायाभूत अध्ययन पाहणी केली, तीत वीस भाषांमध्ये वाचन तपासले गेले आणि प्रत्येक भाषेसाठी वाचनवेगाचे वेगळे निकष काढले गेले. मग अभियानाच्या उद्दिष्टांत सर्वांना एकच आकडा का? साठ या आकड्याला पालकाच्या लेखी फार वजन असते. सत्तेचाळीस शब्द वाचणाऱ्या, पण वाचलेले नीट सांगणाऱ्या मुलीला घरी ‘कमी’ ठरवले जाऊ शकते, आणि न समजता भराभरा ओळी ओढणाऱ्या मुलाला शाबासकी मिळू शकते.

वणीच्या आसपास या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ज्या मुलाच्या घरी कोलामी बोलतात, ते पहिलीत मराठी वाचायला शिकत असते आणि मराठी भाषाही शिकत असते. कोलामी ही द्राविड कुळातली भाषा. मराठीशी तिचा शेजार जुना असला तरी नाते रक्ताचे नाही. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. शक्य तेथे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते. ते होत नाही तोवर निदान एवढे तरी व्हावे, की या मुलाने वर्षभरात किती नवे मराठी शब्द बोलण्यात आणले याची नोंद वेगळी राहावी. एक वाट चालणारा आणि दोन वाटा चालणारा यांना एकाच घड्याळाने मोजणे न्यायाचे नाही.

तिसरा कागद : प्रगतिपुस्तक

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात पहिली-दुसरीसाठी ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला आणि ३० टक्के संकलित मूल्यमापनाला दिला गेला. तिसरी-चौथीसाठी हे प्रमाण ६० आणि ४० असे ठरले. गुणांऐवजी श्रेणी आल्या : ९१ ते १०० साठी अ-१, ८१ ते ९० साठी अ-२, आणि अशाच क्रमाने खाली. लहान मुलांच्या डोक्यावरचे परीक्षेचे ओझे उतरवण्याचा हेतू उत्तमच होता.

पण एक अक्षर किती गोष्टी झाकते पाहा. भाषेच्या श्रेणीत तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, वहीकाम, चाचणी असे सगळे एकत्र होते. गाणे छान म्हणणारी, चित्र सुबक काढणारी, वर्गात उत्साहाने बोलणारी दुसरीतली मुलगी ब-१ मिळवू शकते आणि तरीही तिला अनोळखी चार ओळी वाचता येत नसतात. सरासरी काढली की खड्डा दिसत नाही. नदीची सरासरी खोली दोन फूट आहे एवढ्यावर विसंबून कोणी मुलाला पाण्यात सोडत नाही.

याचा परिणाम पूर्वी पुढे ढकलला जात असे. आता तो पाचवीत समोर येतो. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन फेरपरीक्षेची संधी मिळते. तीतही तो अनुत्तीर्ण झाला तर त्याच वर्गात बसतो. एखाद्या कुटुंबाने चार वर्षे ‘ब’ आणि ‘अ’ पाहिले आणि पाचव्या वर्षी एकदम ‘पुन्हा पाचवी’ ऐकले, तर त्यांचा शाळेवरचा विश्वास उडाला म्हणून दोष कोणाला द्यायचा? आमच्या मते येथेच खरी किंमत मोजली जाते. ऐपत असलेला पालक अंदाजाने शाळा बदलतो, नसलेला मुलाला ‘डोकंच नाही’ म्हणून वेचणीला नेतो. दोन्ही निर्णय अपुऱ्या माहितीवर घेतलेले असतात.

त्यात कागद हाती येण्याची वेळ. २०२५ साली राज्यभर एकच वेळापत्रक लावून वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात ठेवल्या गेल्या, तेव्हा विदर्भातून उन्हाच्या कारणाने हरकती घेतल्या गेल्या. उन्हाचा मुद्दा रास्तच आहे. आमचा मुद्दा त्याच्या पलीकडचा. निकाल मे महिन्याच्या तोंडावर लागला, तर त्यातून कळलेल्या उणिवेवर करायचे काय?

फरक आणि मागासलेपण

टप्पे ठरवायचे म्हटले की एक भीती व्यक्त होते. सगळी मुले सारखी नसतात, मग त्यांना एका मापात कसे बसवणार? भीती योग्य आहे. एका वर्गातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मुलाच्या वयात जवळपास वर्षाचे अंतर असू शकते. सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा भाग. पहिलीतल्या पुढे-मागेपणाचा काही वाटा निव्वळ जन्मतारखेचा असतो, बुद्धीचा नव्हे.

म्हणूनच टप्पा म्हणजे पास-नापासाची रेघ नव्हे. टप्प्यावर न पोचलेल्या मुलाबाबत पहिला प्रश्न ‘का?’ हा असावा. त्याला फळा नीट दिसतो का? ऐकू येते का? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतील मुलांची आरोग्य तपासणी होते, तिच्या नोंदी वाचनाच्या नोंदींशेजारी ठेवून पाहिल्या तर काही उत्तरे तेथेच मिळतील. हजेरीत खंड पडला का? घरची भाषा वेगळी आहे का? या प्रश्नांना ऑक्टोबरात अर्थ असतो, मे महिन्यात नसतो.

प्रश्न किती मोठा आहे हेही सांगितले पाहिजे. २००५ पासून ‘असर’ पाहणीत घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासले जाते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २७.१ टक्के निघाली आणि पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के. या पाहणीचे साधन पाहण्यासारखे आहे. अक्षरे, सुटे शब्द, सोपा परिच्छेद आणि छोटी गोष्ट, एवढाच एक कागद. काही मिनिटांत मूल कोठे आहे ते कळते, आणि मुलाची आईही ते शेजारी उभी राहून पाहू शकते.

मग कागद कसा असावा?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक इयत्तेसाठी पालकाला वर्षातून तीनदा एक पान द्यावे : शाळा उघडताना, दिवाळीच्या सुट्टीआधी आणि फेब्रुवारीत. पानावर पाचच वाक्ये, आणि प्रत्येक वाक्य घरी तपासता येईल असे. दुसरीचे दिवाळीचे पान उदाहरणादाखल असे होऊ शकेल :

१. पुस्तकात नसलेल्या चार सोप्या ओळी मूल अडखळत का होईना, स्वत: वाचते आणि त्यांत काय होते ते सांगते.

२. घरात घडलेल्या गोष्टीबद्दल दोन वाक्ये न बघता लिहिते. शुद्धलेखनाच्या चुका चालतील.

३. ९९ पर्यंतच्या दोन संख्यांतली मोठी कोणती आणि का, हे सांगते.

४. पन्नास रुपये देऊन चौतीस रुपयांची वस्तू घेतली तर परत किती मिळतील, हे नाणी-नोटा हाताळून काढते.

५. वर्गात न कळलेले विचारते. विचारत नसेल तर आम्हांला कळवा.

खाली एकच ओळ शिक्षकाची : ‘यांपैकी अमुक अजून जमत नाही, त्यासाठी आम्ही हे करत आहोत, तुम्ही एवढे करा.’

चौथीच्या पानावर आम्ही एक अपेक्षा आवर्जून घालू. वर्षभरात मुलाने निसर्गातली निदान एक गोष्ट स्वत: मोजलेली असावी. पुस्तकात सूर्य वर्षभर जागा बदलतो असे मूल वाचते. वणी सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. अंगणात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवून मध्यान्हीची, म्हणजे दिवसातली सर्वांत आखूड सावली मोजली, तर शाळा उघडताना, ढग नसतील त्या दिवशी, ती पाचएक सेंटिमीटर भरेल आणि तीही दक्षिणेकडे पडलेली असेल. २२ डिसेंबरला ती उत्तरेकडे सुमारे ९५ सेंटिमीटर होईल आणि २१ मार्चला ३६ ते ३७ सेंटिमीटरवर येईल. खर्च एका काठीचा. पण घरी येऊन मूल ‘सावली लांबली’ असे न म्हणता ‘किती लांबली’ ते सांगू लागले, तर त्या वर्षाने त्याला विज्ञान दिले असे खुशाल समजावे.

आणि काय अपेक्षा धरू नये, हेही पानावर असावे. रोज वही भरून गृहपाठ, वर्षभरात फाडफाड इंग्रजी, शेजारच्या मुलाशी तुलना, या अपेक्षा शाळेने मुळातच नम्रपणे नाकाराव्यात.

वेळ कोठून आणायचा?

शिक्षकमित्र म्हणतील, आधीच नोंदींचे कागद थोडे आहेत का? दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळायचे, निवडणूक आणि जनगणना यांची कामे करायची, ऑनलाइन माहिती भरायची, आणि त्यात हे नवे पान! तक्रार खरी आहे. म्हणून हिशेब करू. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येक मुलाजवळ सहा मिनिटे बसले तर तीन तास लागतात. वर्षातून तीनदा म्हणजे नऊ तास. ८०० तासांचा हा एक टक्का. त्यातून जे कळेल त्यासाठी हा वेळ महाग नाही. शिवाय नवा कागद घालताना दोन जुने काढावेत, आणि कोणते काढायचे हे वरच्या कार्यालयाने शिक्षकांना विचारून ठरवावे.

दुसरी शंका अशी, की पान हाती आल्यावर पालक ते घेऊन शिक्षकाच्या अंगावर येतील. काही येतीलही. पण आज जे येतात ते ‘आमच्या पोराला काहीच येत नाही’ असे म्हणत येतात, आणि त्या वाक्याला उत्तर देता येत नाही. ‘दुसरे वाक्य जमत नाही’ असे म्हणत आलेल्या पालकाशी निदान बोलता येते. त्याला हजेरीपट दाखवून सांगता येते, की वेचणीच्या काळात मूल अठरा दिवस आले नव्हते. मोघम अपेक्षेतून भांडण निघते, नेमक्या अपेक्षेतून काम निघते.

राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम लागू होत आहे. नवी पुस्तके, नव्या याद्या येत आहेत. त्या याद्यांबरोबर पालकाच्या भाषेतले पान यावे, आणि वाचनाचे माप मराठीचा स्वभाव पाहून ठरावे, अशी मागणी शिक्षकांच्या संघटनांनी करावी. ती मान्य होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. दिवाळीआधीच्या पालकसभेत एका वर्गाचे एक पान वाचून दाखवायला कोणाच्या परवानगीची गरज पडत नाही. कलम २४ ने ते काम आपल्याकडे आधीच सोपवलेले आहे.